तंबोऱ्याच्या षड्जाविषयी

पुणे,
१४ जुलै

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. अण्णांच्या पश्चात घर आवरायला घेतलेस हे बरे केलेस. पण त्यांचा तंबोरा कोणाला तरी देऊन टाकावा असे तू लिहिलेस, आणि त्याला जे कारण दिलेस, ते मला चार दिवस स्वस्थ बसू देत नाही. 'त्यावर दुसरे काही वाजत नाही, लहानपणापासून तेच तुणतुणे ऐकून कान किटले,' असे तुझे म्हणणे आहे. तंबोरा तुमच्या घरचा आहे, त्याचे काय करायचे हे तूच ठरवशील. तरी ठरवण्यापूर्वी माझे म्हणणे एकदा सविस्तर वाच.

तुणतुण्यापासूनच सुरुवात करतो, कारण या म्हणीने त्या वाद्यावर मोठा अन्याय केला आहे. एक लाकडी नळकांडे, तळाला मढवलेले कातडे, बाजूला बांबूची काठी आणि एक तार, एवढाच त्याचा संसार. गोंधळात ते संबळाच्या शेजारी उभे असते, पोवाड्यात शाहिराच्या मागे. आणि रात्रभर ते एकच स्वर सांगत राहते. शाहीर प्रसंग रंगवताना कधी बोलण्यावर येतो, कधी वरच्या पट्टीत आरोळी देतो, आणि त्याचा आवाज किती चढला, किती उतरला, हे ऐकणाऱ्याला कळते ते त्या न हललेल्या स्वराच्या मापाने. झीलकरी 'जी जी' म्हणत त्याला परत घेऊन येतात तेही त्याच स्वरावर. लोक पोवाडा ऐकतात, तुणतुणे ऐकत नाहीत. पण पोवाडा उभा असतो तो त्याच्याच आधारावर.

कान एकसारखा स्वर थोड्या वेळाने बाजूला ठेवतो, असेही तू पत्रात लिहिले आहेस, आणि ते खरेच आहे. मात्र बाजूला ठेवलेला स्वर नाहीसा होत नाही. गेल्या डिसेंबरात एका घरगुती बैठकीत माझे बोट दुखत होते, म्हणून मी हातात तंबोरा न घेता विजेवरचा तंबोरा लावला होता. सकाळची वेळ होती, त्यामुळे दिवे नव्हते आणि थंडीमुळे पंखेही बंद होते. विलंबित ख्याल ऐन भरात असताना वीज गेली. गायिकेचा स्वर तिळभरही ढळला नाही, तबल्याचा ठेका चालूच राहिला. तरीही समोर डोळे मिटून बसलेल्या बाईंनी डोळे उघडले, भिंतीला टेकलेले दोघे ताठ बसले आणि दाराशी बसलेल्या एका मुलाने आईकडे पाहिले. पाऊण तास ज्या आवाजाकडे कोणाचे लक्ष नव्हते, तो गेल्याचे मात्र एकाच क्षणी सगळ्यांना समजले. गायिकेने नंतर मला सांगितले की, पायाखालची सतरंजी ओढून घेतल्यासारखे झाले.

आता 'तेच ते' याविषयी. अण्णांच्या तंबोऱ्याची घोडी, म्हणजे भोपळ्यावरची ज्या पट्टीवर तारा टेकतात ती, तू कधी जवळून पाहिली आहेस का? तिचा माथा किंचित उतरता, घासून गुळगुळीत केलेला असतो आणि प्रत्येक तारेखाली सुताचा एक धागा सरकवलेला असतो. त्याला जीवा म्हणतात. तो धागा केसभर मागेपुढे केला की ठोक, बोथट आवाज एकदम उमलतो आणि त्याला झार येते. त्यालाच जवारी लागणे म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली आपल्याकडच्या तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला होता. एरवीचा नियम असा, की तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा (मूळ स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांचा) निस्पंद बिंदू, म्हणजे तारेची न हलणारी जागा, येते ते उपस्वर त्या आवाजात नसावेत. तंबोऱ्यात मात्र तेही स्पष्ट ऐकू येतात, असे त्यांनी दाखवले आणि त्याचे श्रेय त्या घोडीच्या आकाराला दिले. म्हणजे तू ज्याला एक स्वर म्हणतोस, तो प्रत्येक छेडीनिशी आतून उलगडत जाणारा स्वरांचा समूह आहे. खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची, पितळी तार नीट मिळालेली असली की तिच्यातून गंधार ऐकू येतो. चार तारांपैकी एकही गंधारात मिळवलेली नसते. तरी तो येतो, आणि एकदा कानाला सापडला की पुन्हा हरवत नाही. मला तो पहिल्यांदा सापडला तो अण्णांच्याच खोलीत, तू बाहेर सायकल पुसत असताना.

पण तंबोऱ्याच्या षड्जाची, म्हणजे 'सा'ची, खरी ताकद मला विचारशील तर मारवा रागात कळते. मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणून पहिली तार बहुधा निषादात मिळवतात. जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन तारा आणि खर्जाची तार मात्र षड्ज सांगतच राहतात. गाणारा कोमल ऋषभावर थांबतो, धैवतावर थांबतो आणि षड्जाला जाणूनबुजून टाळतो. एरवी ज्या षड्जाकडे आपले लक्षही नसते, त्याचीच मग ऐकणाऱ्याला तहान लागते. तंबोरा दर काही क्षणांनी त्याची आठवण करून देतो, गाणारा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत फिरतो, आणि संध्याकाळची ती हुरहुर त्या दोघांच्या मधल्या जागेत निर्माण होते. तंबोरा बंद करून तोच आलाप ऐकलास तर ऋषभ निव्वळ एक स्वर राहील. त्याची टोचणी निघून जाईल. अखेर गायक षड्जावर येतो तेव्हा श्रोत्यांतून जो सुस्कारा निघतो, तो तंबोऱ्याने तासभर साठवून ठेवलेला असतो.

हे केवळ आपल्याकडचेच आहे असेही नाही. तुझी कन्या पियानो शिकते, म्हणून तिच्याकडून शोपँ या युरोपीय संगीतकाराचा अठ्ठाविसाव्या ओपसमधला (म्हणजे त्या क्रमांकाच्या रचनासंग्रहातला) पंधरावा प्रेल्यूड, ही पियानोवरची छोटी रचना, वाजवून घे. तो १८३९ साली प्रसिद्ध झाला. त्यात पियानोची एकच पट्टी जवळजवळ अखंड वाजत राहते. आपल्या भाषेत सांगायचे तर तो पंचम आहे. सुरुवातीला तो सुरावटीच्या खाली मंद ठिबकत असतो आणि ऐकताना गाढ निवांत वाटते. मधल्या भागात षड्ज तोच राहतो, पंचमही तोच, पट्टीही तीच. पण शुद्ध गंधाराचा कोमल गंधार होतो, सुरावट खाली खर्जात उतरते आणि तो पंचम तिच्या डोक्यावर वाजू लागतो. ज्या स्वराने आपल्याला शांत केले होते, त्याचीच भीती वाटायला लागते. स्वर जागचा हललेला नसतो; हललेले असते सभोवतालचे सगळे, आणि त्याबरोबर आपण.

अण्णा पहाटे तंबोरा छेडत तेव्हा तू आतल्या खोलीत झोपलेला असायचास. तो आवाज तू इतकी वर्षे झोपेत ऐकला आहेस, की तुझे कान खरोखर किटले असतील यावर माझा विश्वास बसत नाही. म्हणून एवढेच मागतो: शनिवारी संध्याकाळी मी येतो. तारा नव्या घेऊन येईन आणि जीवाही बदलू. जवारी बसली असेल, म्हणजे घोडीचा माथा झिजला असेल, तर मिरजेला नेऊन ती नव्याने काढून आणू, तो खर्च माझा. मी तंबोरा मिळवून देईन आणि तू अर्धा तास फक्त छेड, गाऊ नकोस. त्यानंतर तो द्यायचा की ठेवायचा, हे ठरव; मी पुन्हा विषय काढणार नाही.

तोवर तो गवसणीतच असू दे. हलवायचाच झाला तर भोपळ्याखाली हात घालून उचल, नुसती दांडी धरून ओढू नकोस. आणि तारा ताणलेल्या असतील तर खुंट्या थोड्या सैल करून ठेव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर