अठ्ठावीस दिवसांचे काय? आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,

सविनय नमस्कार.

व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक म्हणून मी बरीच वर्षे घालवली आहेत. तीन आठवड्यांपूर्वी माझ्यासमोर विशीतला एक मुलगा येऊन बसला. चार वर्षे रोज गांजा ओढणारा. माझ्या मागच्या भिंतीवर आपल्या खात्याने पाठवलेले भित्तिपत्रक होते: तडे गेलेली कवटी, फटींतून निघणारा धूर आणि खाली ठळक अक्षरांत ‘गांजा मेंदू कायमचा जाळतो’. ते वाचून तो हसला. म्हणाला, “कायमचाच जळलाय, तर आता सोडून काय उपयोग?”

त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते, भित्तिपत्रकाकडे नव्हते. म्हणून हे पत्र.

गांज्यातले नशा आणणारे मुख्य द्रव्य टीएचसी. रफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी या इस्रायली रसायनशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ते शुद्ध रूपात वेगळे करून त्याची रचना मांडली. ते मेंदूत नेमके कुठे जाऊन बसते, हे कळायला मात्र आणखी चोवीस वर्षे गेली. १९८८ मध्ये सीबी-१ हा रिसेप्टर, म्हणजे टीएचसी ज्यात जाऊन बसते ते पेशीवरचे कुलूप, सापडला आणि नवेच कोडे पडले. एका झाडाच्या किल्लीला बसेल असे कुलूप मेंदूत आलेच कसे? उत्तर १९९२ मध्ये मिळाले. तशी किल्ली शरीर स्वतःच बनवते. त्या रेणूचे नाव ‘आनंदामाइड’ ठेवले गेले, संस्कृतातल्या ‘आनंद’वरून. (रसायनांच्या यादीत हा शब्द इतक्या थाटात बसलेला पाहून मला दर वेळी उगाच बरे वाटते.)

या रेणूची चाल उलटी आहे. मेंदूत निरोप साधारणपणे एका पेशीकडून पुढच्या पेशीकडे जातात. आनंदामाइड आणि त्याची भावंडे मागे जातात. निरोप घेणारी पेशी गरज पडली की ते जागच्या जागी तयार करते आणि पाठवणाऱ्या पेशीला सांगते, “पुरे, जरा हळू.” सांगून झाले की एन्झाइम त्या रेणूची लगेच विल्हेवाट लावते. जेवढ्यास तेवढे काम. टीएचसी त्याच कुलपात शिरते, पण तासन्‌तास तिथेच ठाण मांडते, आणि स्मरण, वेळेचे भान, हालचाल, भूक असे सगळे विभाग एकाच वेळी दटावते. मघाशी सुरू केलेले वाक्य अर्ध्यात का हरवते, पाच मिनिटे तासासारखी का वाटतात, याचे कारण हेच.

श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या भागात हे रिसेप्टर फारच विरळ आहेत. अफूच्या अतिसेवनाने श्वास बंद पडून माणूस जातो, तसे गांज्याने सहसा होत नाही. मुलांना हे पक्के ठाऊक असते. आपण ते दडवले की आपली पुढची दहा खरी वाक्येही ती खोटीत धरतात.

आता रोजच्या सेवनाचे. दररोज असा भडिमार झाला की पेशी आपल्या बाजूने बंदोबस्त करतात. बरेचसे रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढून घेतात, आणि उरलेलेही पूर्वीसारखी दाद देत नाहीत. मग पूर्वीइतकी नशा चढायला जास्त माल लागतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेट (PET) स्कॅनच्या, म्हणजे मेंदूतले रिसेप्टर टिपणाऱ्या चित्रणाच्या, अभ्यासात रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या बाह्य स्तरात सीबी-१ची उपलब्धता साधारण २० टक्क्यांनी कमी दिसली. सुमारे चार आठवडे पूर्ण बंद ठेवल्यावर बहुतेक भागांत ती पुन्हा वर आली. २०१६ मधल्या दुसऱ्या अभ्यासात तर दोनच दिवसांत सुधारणा सुरू झालेली दिसली आणि अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ओढणारे व न ओढणारे यांच्यात ठळक फरक उरला नाही.

मंत्रिमहोदय, त्या मुलाला मी हेच सांगितले. तो पहिल्यांदाच खुर्चीत सरळ बसला.

पण हे अठ्ठावीस दिवस काढायचे कसे? बाहेरचे टीएचसी थांबलेले, आणि घरच्या आनंदामाइडला बोलायला पुरेसे रिसेप्टर जागेवर नाहीत. या मधल्या काळात झोप उडते, भूक मरते, घाम फुटतो, चिडचिड इतकी की घरातली भांडीही वाजली तर सहन होत नाही, आणि झोप लागलीच तर विचित्र स्वप्ने. पहिला आठवडा सगळ्यांत वाईट, दुसऱ्यात उतार. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत हा त्रास अधिकृत निदान म्हणून आला. तरीही ‘गांज्याची सवय लागत नाही’ हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकले आहे. अशा डॉक्टरांकडे झोप येत नाही म्हणून गेलेला मुलगा झोपेच्या गोळ्या घेऊन परततो आणि चौथ्या दिवशी पुन्हा ओढतो.

या रिसेप्टरवर मन किती टेकलेले असते, याचा दाखला औषधांच्या इतिहासातही आहे. सीबी-१ बंद पाडणारे रिमोनाबांट हे औषध २००६ मध्ये युरोपात लठ्ठपणासाठी मंजूर झाले. वजन उतरत होते, पण सोबत नैराश्य आणि आत्महत्येचे विचार येऊ लागले. २००८ मध्ये ते बाजारातून काढावे लागले.

डोपामिनचे, म्हणजे उमेद आणि प्रेरणेशी जोडलेल्या मेंदूतल्या रसायनाचे, चित्र इतके साफ नाही. २०१४ मधल्या एका अभ्यासात नियमित सेवन करणाऱ्यांची डोपामिन बनवण्याची क्षमता कमी आढळली. घरचे ज्याला ‘आळशी झालाय’ म्हणतात, त्यामागे हे असू शकते. मात्र आधी काय आणि नंतर काय, हे अशा स्कॅनमधून ठरत नाही. मी पालकांना ते तसेच सांगतो.

अठ्ठावीस दिवसांत सगळेच भरून येते, असेही मी म्हणत नाही. वयात येणाऱ्या मुलांच्या मेंदूची जडणघडण विशी ओलांडली तरी चालू असते, आणि त्या घडणीत याच रिसेप्टरचा हात असतो. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या ४५ हजारांहून अधिक सैन्यभरती तरुणांच्या पाहणीत, अठराव्या वर्षापर्यंत पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांना पुढे स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार होण्याचा धोका सुमारे सहापट निघाला. २०१९ मधल्या बहुदेशीय अभ्यासात दहा टक्के किंवा अधिक टीएचसी असलेला माल रोज घेणाऱ्यांत सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याची, शक्यता जवळजवळ पाचपट होती. एकट्या गांज्याने हे घडते असे यातून सिद्ध होत नाही. घराण्यातला आजारही मोजावा लागतो. पण तो आजार ज्याच्या घरात आहे त्याला तरी कुणी स्पष्ट शब्दांत बजावते का?

आणि बुद्ध्यंकाचे म्हणाल, तर न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये लहानपणापासून नोंदी ठेवलेल्या हजारभर लोकांच्या अभ्यासात, किशोरवयात सुरुवात करून वर्षानुवर्षे ओढत राहिलेल्यांचा बुद्ध्यंक सरासरी आठ गुणांपर्यंत घसरलेला आढळला. त्यावर नंतर वाद झाला. जुळ्यांच्या अभ्यासांत ओढणारे आणि न ओढणारे भावंड यांच्यात असा स्पष्ट फरक सापडला नाही. भित्तिपत्रकांवर आठ गुणांचा आकडा हमखास येतो, वाद कधीच येत नाही.

माझे मागणे मोठे नाही. मी काम केलेल्या एका केंद्रात कार्यक्रम दहा दिवसांचा होता. दहाव्या दिवशी प्रमाणपत्र, टाळ्या आणि निरोप. मेंदूच्या हिशेबाने तो मुलगा तेव्हा अर्ध्या वाटेवरही पोचलेला नसतो. खाटा वाढवा असे मी म्हणत नाही, गांजा सोडणाऱ्या बहुतेकांना खाट लागतच नाही. अठ्ठावीस दिवस रोज एक फोन करणारे माणूस लागते, जे म्हणेल, “आज सहावा. आजची रात्र वाईट जाईल, उद्या थोडी कमी.” तेवढी पदे मंजूर करा. निद्रानाश घेऊन आलेल्या तरुणाला गांज्याबद्दल न दटावता विचारायचे, सुरुवात कोणत्या वयात, रोज किती, घरात कुणाला मानसिक आजार, एवढे प्राथमिक आरोग्य सेवेतल्या डॉक्टरांना शिकवा. कायदा आपल्या खात्याकडे नाही, हे मला कळते. पण गुन्हा दाखल होईल या भीतीने मुलगा तिसऱ्या दिवशी दवाखान्यात येत नाही, हे ज्यांच्याकडे कायदा आहे त्यांना आपणच सांगू शकता.

त्या मुलाचा आज एकोणिसावा दिवस. काल तो सलग पाच तास झोपला आणि सकाळी आईशी भांडला नाही, हे त्याच्या आईनेच फोन करून सांगितले. त्याचे उरलेले नऊ दिवस मी माझ्या वेळातून सांभाळीन.

भित्तिपत्रक मी भिंतीवरून उतरवले आहे. गुंडाळी करून कपाटात ठेवले आहे. खात्याला परत हवे असल्यास कळवावे.

आपला नम्र,
एक समुपदेशक