बाबा, धनुर्वाताचे एक इंजेक्शन पुरेसे नाही

पुणे,
९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा व ती. सौ. आई यांस वर्षाचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आठवडाभर आपण रोज फोनवर बोललो, पण प्रत्येक वेळी बाबा, तुम्ही "आता बरे आहे" एवढे सांगून फोन आईच्या हाती दिलात. घाईत जे सांगायचे होते ते मी सांगितले आणि तुम्ही ते ऐकलेतही. परंतु ते का सांगितले आणि पुढे काय करायचे आहे, हे नीट सांगायचे राहून गेले. म्हणून हे पत्र लिहीत आहे. दोघांनीही ते शांतपणे वाचावे आणि बाबांच्या साखरेच्या तपासण्यांची फाईल असते त्यातच ठेवावे, कारण यातल्या तारखा पुढे लागणार आहेत.

रविवारी, २ तारखेला, कन्हान नदीच्या काठावर मासे धरताना गळ ओढला तेव्हा तो तुमच्या डाव्या हाताच्या तर्जनीत रुतला, सोबतच्या काकांनी पक्कड लावून तो सरळ मागे ओढला, आईने घरी हळद दाबली आणि संध्याकाळी जवळच्या दवाखान्यात धनुर्वाताचे एक इंजेक्शन घेऊन तुम्ही घरी आलात. हे सगळे मला बुधवारी सकाळी, आणि तेही बोलता बोलता कळले. त्या दवाखान्यावर माझा राग नाही, पण तिथे तुम्हाला एकच प्रश्न विचारायला हवा होता आणि तो कोणी विचारला नाही: याआधी धनुर्वाताच्या लशीचे एकूण किती डोस झाले आहेत आणि शेवटचा कधी झाला? बुधवारी दुपारी मी हट्टाने तुम्हाला मोठ्या रुग्णालयात पाठवले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सर्वांत आधी हेच विचारले. तुम्हाला उत्तर देता आले नाही, आणि म्हणूनच त्यांनी दुसरे इंजेक्शन दिले.

ही दोन इंजेक्शने वेगळी आहेत, हे तुम्हाला समजावे अशी माझी फार इच्छा आहे. रविवारी दिली ती लस. तिच्यात जंतूचे निष्प्रभ केलेले विष असते आणि ते ओळखून शरीर स्वतः प्रतिपिंडे, म्हणजे त्या विषाला निकामी करणारी रक्तातली प्रथिने, तयार करू लागते. पण ज्याच्या शरीराला त्या विषाची पूर्वी कधी ओळखच झालेली नाही, त्याला पहिल्या डोसाने पुरेसे संरक्षण मिळत नाही, आणि जे काही मिळते त्यालाही वेळ लागतो. म्हणजे रविवारची लस रविवारच्या जखमेसाठी नव्हती, ती पुढच्या जखमांची तयारी होती. बुधवारी दिले ते इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दुसऱ्या माणसाच्या रक्तातून मिळवलेली तयार प्रतिपिंडे, २५० युनिट. ती लगेच काम करतात, पण काही आठवड्यांत नाहीशी होतात. विष एकदा मज्जातंतूंना चिकटले की ती त्याला सोडवू शकत नाहीत, म्हणूनच मी दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबायला तयार नव्हते. बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी १८९० मध्ये बर्लिनमध्ये हेच तत्त्व दाखवून दिले होते: लसवंत प्राण्याच्या रक्ताचा द्रव दुसऱ्या प्राण्याला दिला तर तो धनुर्वाताच्या विषापासून वाचतो. तुम्ही आयुष्यभर विज्ञान शिकवलेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

तुम्ही फोनवर म्हणालात की गळ नवा कोरा होता, गंजलेला नव्हता, मग धनुर्वात कुठून येणार. बाबा, गंजाचा यात काही दोष नाही. या जंतूची बीजुके, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपे, मातीत, धुळीत आणि गुराढोरांच्या शेणात असतात, उन्हापावसाला ती दाद देत नाहीत आणि वर्षानुवर्षे टिकतात. गंजका खिळा बहुधा मातीत पडलेला असतो, म्हणून तो बदनाम झाला. तुमचा गळ नवा होता खरा, पण अंगणातल्या शेणखताच्या मातीतून काढलेली गांडुळे तुम्ही त्याच हाताने त्याच गळाला लावत होता, आणि ज्या काठावर बसला होता तिथे गुरे पाण्यावर येतात. शिवाय हा जंतू हवा नसलेल्या जागी वाढतो. तळहातभर खरचटले तर ती जखम उघडी असते, धुतली जाते. गळाने केलेले बारीक, खोल भोक मात्र वरून लगेच मिटते आणि आत हवेविना बंद राहते. दिसायला क्षुल्लक असलेली ही जखमच या जंतूला सर्वांत सोयीची.

आपल्या भाषेने या रोगाला धनुर्वात हे नाव दिले ते पाहून दिले आहे. मी सेवेत लागल्यानंतर दुसऱ्या वर्षी आमच्या कक्षात तुमच्याच वयाचे एक शेतकरी दाखल झाले होते. पायात बाभळीचा काटा मोडला होता, तो त्यांनी स्वतःच काढला आणि विसरून गेले. आठ दिवसांनी भाकरी चावता येईना, मग दातखीळ बसली, मग पाठ खरोखरच धनुष्यासारखी ताणली जाऊ लागली. त्यांची खोली आम्ही अंधारी ठेवत असू आणि दार लावतानाही जपत असू, कारण भांडे पडल्याचा आवाज झाला तरी सर्वांगाला झटका येई. शुद्ध पूर्ण असते, बाबा, आणि सगळे कळत असते. ते वाचले, पण कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर किती आठवडे काढून. बरे झाल्यावरही त्यांना लस द्यावीच लागली, कारण हा रोग होऊन गेला तरी त्याची प्रतिकारशक्ती येत नाही. बुधवारी तुमच्याशी मी ज्या स्वरात बोलले त्यामागे त्या खोलीची आठवण होती.

आता मुख्य गोष्ट. तुमचा जन्म १९५४ चा. देशाच्या लसीकरण कार्यक्रमात लहान मुलांना ही लस मिळू लागली ती १९७८ मध्ये, तेव्हा तुम्ही चोवीस वर्षांचे होता. पुढे गरोदर स्त्रियांना ती मिळत गेली, आम्हा मुलांना मिळाली, पण तुमच्या पिढीतल्या पुरुषांना ती क्रमाने, मोजून, कोणी दिलीच नाही. स्कूटरवरून पडलात तेव्हा एकदा टोचले असेल, घर बांधताना खिळा लागला तेव्हा एकदा, असे तुम्ही म्हणता आणि ते खरेही असेल. परंतु कागद नसेल तर तो डोस झालाच नाही असे धरून चालण्याची रीत आहे, आणि तुमच्या बाबतीत ती मला योग्य वाटते. पाया तीन डोसांचा असतो. पहिला २ नोव्हेंबरला झाला. दुसरा किमान चार आठवड्यांनी, म्हणजे ३० नोव्हेंबरला किंवा त्यानंतर लगेच. तिसरा त्यापुढे सहा ते बारा महिन्यांत, म्हणजे साधारण पुढच्या जूनपासून नोव्हेंबरपर्यंत केव्हाही. मग दर दहा वर्षांनी एक. दवाखान्यात आता बहुधा टी.डी. नावाची लस मिळेल. २०१९ पासून सरकारी कार्यक्रमात टी.टी.ची, म्हणजे फक्त धनुर्वाताच्या जुन्या लशीची, जागा तिने घेतली आहे आणि तिच्यात घटसर्पापासूनही थोडे संरक्षण आहे, तेव्हा नाव वेगळे दिसले म्हणून परत फिरू नका.

तीन डोस पूर्ण झाल्यावर मात्र शेजारच्या काकांप्रमाणे दर खरचटण्याला सुई घेण्याचे कारण उरत नाही. स्वच्छ आणि लहान जखम असेल तर दहा वर्षे, आणि माती लागलेली किंवा खोल टोचलेली असेल तर पाच वर्षे काही घ्यावे लागत नाही; उगाच वारंवार घेतल्यास दंड कोपरापर्यंत सुजू शकतो. हे केवळ मासेमारीपुरते नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागपुरातल्या घराघरांत पाणी शिरले, तेव्हा तुम्ही दोन दिवस अनवाणी मित्राच्या घरातला गाळ उपसत होता. मला तेव्हाच हे विचारायला हवे होते.

आई, तुझी गोष्ट थोडी वेगळी आहे. आमच्या दोघांच्या वेळी तू प्रसूतीआधी ही इंजेक्शने घेतली होतीस आणि त्यामुळे नाळ कापताना होणाऱ्या धनुर्वातापासून आम्हीही सुरक्षित राहिलो. पण त्याला आता पस्तीसहून अधिक वर्षे झाली. तू रोज कुंड्यांच्या मातीत हात घालतेस, गुलाबाचे काटे तुला टोचतात. तुलाही निदान एक डोस हवा आहे, आणि किती हवेत ते डॉक्टर ठरवतील.

आता बोटाविषयी. आई, तू हळद मायेने लावलीस हे मी जाणते, पण स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, आणि तिच्या पिवळ्या रंगाखाली जखमेभोवतीची लाली दिसत नाही. आपल्याला सध्या नेमकी ती लालीच पाहायची आहे. हळद, चुना, तंबाखू यांपैकी काहीही लावू नये. दिवसातून एकदा नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने हळुवार धुवावे, स्वच्छ कापडाने टिपावे, वर कोरडी पट्टी सैल बांधावी. तोंडावर खपली धरली म्हणून घट्ट चिकटपट्टीने बंद करू नये; आतले पाणी बाहेर यायला वाट हवी. बाबांना साखर असल्याने ही काळजी दुप्पट. प्रतिजैविकाच्या गोळ्या दुखणे थांबले तरी ठरल्या दिवसांपर्यंत पूर्ण घ्याव्यात, आणि या दिवसांत उपाशीपोटीची साखर दोन दिवसांआड तपासावी.

काही गोष्टी दिसल्या तर मला फोन करण्यातही वेळ घालवू नका, सरळ मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात जा. बोट सगळीकडून सारखे सुजले, किंचित वाकलेलेच राहू लागले आणि कोणी ते सरळ करू लागताच कळ आली, तर स्नायूबंधाच्या आवरणात पू झाल्याची शक्यता असते आणि त्यात तासांचा हिशेब असतो. मनगटाकडे लाल रेघ चढणे, ठसठस वाढणे, थंडी वाजून ताप येणे, हेही तसेच. तिथे गेल्यावर न विचारता सांगा की जखम नदीच्या पाण्यात, मासे धरताना झाली. गोड्या पाण्यातले काही जंतू एका दिवसात हात सुजवतात आणि त्यांना नेहमीची औषधे लागू पडतीलच असे नाही. दुसरा एक जंतू इतका संथ असतो की तीन-चार आठवड्यांनी त्या जागी न दुखणारी गाठ उठते, आणि तोवर गळाची गोष्ट सगळे विसरलेले असतात. धनुर्वाताची लक्षणे बहुधा ३ ते २१ दिवसांत दिसतात, म्हणून २३ तारखेपर्यंत रोज सकाळी बाबांनी तोंड पूर्ण उघडून पाहावे. जबडा आखडला, घास गिळताना अडले, मान किंवा पाठ ताठ वाटली तर थांबू नये. इम्युनोग्लोब्युलिन मिळालेले असल्याने असे काही होईल अशी मला भीती नाही, पण पाहणे सोडू नये.

बाबा, मासेमारी सोडा असे मी म्हणणार नाही. निवृत्तीनंतर कन्हानच्या काठावर तुम्हाला जे समाधान मिळते ते मी तुमच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. फक्त काही बदल करा. गळाच्या टोकाशी जो उलटा दात असतो तो पकडीने आधीच दाबून सपाट करून घ्या. एखादा मासा सुटेल, पण गळ हातात गेला तर आल्या वाटेने परत येईल. तुमच्या बोटाची जखम वाढली ती गळ शिरल्याने कमी आणि तो उलट्या दातासह ओढल्याने अधिक. तसा गळ रुतलाच तर दोरी कापा, गळ हलणार नाही असा कापडाने धरून ठेवा आणि तसेच दवाखान्यात जा. तिथे जागा बधिर करून टोक पुढे ढकलतात, कातडीबाहेर आलेला दात कापतात आणि उरलेली तार मागे काढून घेतात. डोळ्याजवळ लागला तर काकांनी हातही लावू नये. गांडुळांसाठी जुने हातमोजे वापरा, आणि पिशवीत एक साबणाची वडी व घरच्या पाण्याची बाटली कायम असू द्या, कारण पहिल्या पाच-दहा मिनिटांत नीट धुतलेली जखम पुढचा बराच त्रास वाचवते.

मी २९ तारखेच्या रात्रीच्या गाडीने निघते आहे आणि दोन दिवसांची रजा मंजूर झाली आहे. सोमवारी, १ डिसेंबरला सकाळी आपण तिघे मिळून जाऊ. बाबांचा दुसरा डोस आणि आईचा एक, दोन्ही त्याच वेळी होतील. रविवारी आणि बुधवारी मिळालेल्या दोन्ही चिठ्ठ्या जपून ठेवा, मी येताना एक वही आणते आहे, त्यात दोघांच्याही तारखा लिहून ठेवीन. तोवर आईने रोज सकाळी खिडकीच्या उजेडात, पट्टी काढून, बोटाचे एक छायाचित्र मला पाठवावे.

तुमची,
वर्षा