दिवे घाटातल्या आजींचा चेहरा

सोनू,

वारीचे फोटो मिळाले, काल दुकान जरा लवकर बंद केलं आणि मोठ्या मॉनिटरवर निवांत बघत बसलो. फ्रेमबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, पण त्या डोक्यावर तुळस घेतलेल्या आजी आहेत ना, त्यांचा चेहरा कुठे गेला गं? फोटोशॉपच्या कर्व्हला, म्हणजे उजेड-अंधार बदलायच्या त्या रेषेला, दाबून एसचा आकार मारलास ना? मला कळतं, पावसाळ्यातलं ढगाळ वातावरण, फोटो सपाट येतो, मग हात तिकडेच जातो.

आता बघ, तुझा ओरिजिनल उघडून मी कर्सर फिरवला, ० म्हणजे काळं आणि २५५ म्हणजे पांढरं धरलं तर आजींचा गाल साधारण ८५ वर आहे आणि मागच्या वारकऱ्यांची धोतरं २२५ ते २४५ मध्ये. एस मारला की १२८ च्या खालचं सगळं अजून खाली जातं, म्हणजे गाल काळा, आणि वरचं वर जातं, म्हणजे धोतराच्या चुण्या गायब. रेष जिथे उभी होते तिथे कॉन्ट्रास्ट वाढतो, पण तेवढीच ती दुसरीकडे आडवी पडते, टोकं ० आणि २५५ ला बांधलेली ना. पगारासारखंच आहे ते, इकडे खर्च केला की तिकडे हात आखडायचा.

म्हणून मी ४० चा पॉइंट जागेवर ठेवला, ८५ उचलून १०५ केला आणि २२५ खाली ओढून २१८ वर आणला. सुरकुत्या दिसायला लागल्या, चुण्याही आल्या. मधला ओला रस्ता आणि घाटाची हिरवळ थोडी मवाळ झाली, होऊ दे, तिकडे कोण बघतंय. कुठला भाग किती वर आहे हे अंदाजाने ठरवू नकोस, कर्व्हमध्ये ते बोटाचं चिन्ह असतं ते घेऊन थेट गालावर क्लिक कर.

आणि पताका भगव्याच्या लाल झाल्यात! आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा एकत्र असलेला कर्व्ह ताणला की रंगही भडकतात, म्हणून कंट्रोल एम दाबून कर्व्ह थेट फोटोवर करू नकोस, अ‍ॅडजस्टमेंट लेयर, म्हणजे फोटोवरचा वेगळा थर, घे आणि त्याचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी ठेव, म्हणजे फक्त उजेड बदलतो, रंग तसेच राहतात.

माझ्या हातून पण झालंय हे. डार्करूमच्या दिवसांत एक अख्खं लग्न मी हार्ड, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्टच्या पेपरवर छापलं, दोन नंबरचा नॉर्मल संपला होता आणि चार नंबरचा शिल्लक होता म्हणून. नवरदेवाचा सदरा नुसता पांढरा कागद, चुणी नाही का बटण नाही. त्याच्या वडलांनी अल्बम बघितला, काही बोलले नाहीत, पण उरलेले पैसे काही आले नाहीत. आई अजून ऐकवते.

आजींच्या फोटोची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ कच्ची फाइल, पाठव, जेपेग नको, त्यात ओढाताण केली की आकाशात पट्टे पडतात. बारा बाय अठराची प्रिंट काढून ठेवतो.

बाबा