तो चॅप्टर ‘घरी वाचून घ्या’ म्हणू नका

संपादकसाहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका पालकांचं पत्र आलं होतं. मुलीने कॉलेजला सायकॉलॉजी घेतलंय आणि पहिल्याच वर्षाच्या पुस्तकात लैंगिकतेवर अख्खा चॅप्टर आहे, ज्यांना डॉक्टर व्हायचंय त्यांनी शिकावं ना हे, बाकीच्यांना कशाला, असा एकूण सूर. पत्रात राग कमी आणि काळजी जास्त होती म्हणून उत्तर लिहायला बसले. मी बरीच वर्षं पहिल्या वर्षाला हाच विषय शिकवते.

आधी कबुली देऊन टाकते. पहिली तीन वर्षं मी पण तो चॅप्टर शिकवला नाही. "सोपा आहे, घरी वाचून घ्या" म्हणायचे आणि पुढे सरकायचे. मी शिकत होते तेव्हा मलाही असंच सांगितलं होतं, आणि सोपा नव्हता हो तो, सांगणाऱ्याला अवघड वाटत होतं इतकंच. मग एकदा लायब्ररीतली त्याच पुस्तकाची जुनी कॉपी हातात आली, टेबलावर ठेवली तर आपोआप उघडली ती नेमकी त्याच पानावर. कडा मळून काळ्या पडलेल्या, आणि मेमरी, लर्निंगवाली पानं मात्र कोरी करकरीत. आकृतीतल्या एका नावाजवळ कुणीतरी पेन्सिलीने फक्त प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. किती वर्षं पडून होतं ते तिथं, कुणास ठाऊक. पुढच्या वर्षीपासून शिकवायला लागले.

आता त्या पालकांना वाटतंय तसं त्यात काय असतं? लोकांना वाटतं 'कसं करायचं' ते असतं. तसं काही नसतं. माणूस जी गोष्ट सगळ्यात जास्त लपवतो ती त्याला विचारायची कशी आणि त्याने दिलेल्या उत्तरावर विश्वास किती ठेवायचा, माझ्या मते हा चॅप्टर मुळात याबद्दल आहे. रिसर्च मेथड्स शिकवायला याच्याइतका चांगला चॅप्टर अख्ख्या पुस्तकात नाही, आणि आपण नेमका तोच गाळतो!

अल्फ्रेड किन्सेचंच घ्या. हा अमेरिकेतला प्राणिशास्त्रज्ञ, गॉल वॉस्प नावाचे बारीक कीटक गोळा करण्यात याची वर्षानुवर्षं गेली. १९३८ मध्ये विद्यापीठात विवाहावरचा कोर्स शिकवायला घेतला आणि लक्षात आलं की मुलांच्या प्रश्नांना द्यायला धड माहितीच नाहीये. मग त्याने आणि त्याच्या टीमने माणसांच्या मुलाखती सुरू केल्या. १९४८ ला पुरुषांवरचा रिपोर्ट आला, १९५३ ला स्त्रियांवरचा, दोन्ही मिळून ११ हजारांच्या आसपास मुलाखती. त्यांची प्रश्न विचारायची पद्धत मी वर्गात मुद्दाम सांगते: "तुम्ही हे कधी केलंय का" असं विचारायचे नाहीत, "पहिल्यांदा कधी केलं" असं विचारायचे, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला कष्ट पडतात आणि हो म्हणायला लाज वाटत नाही. हे सांगितलं की मुलं लगेच भांडायला उठतात, मॅडम ही तर चीटिंग झाली, न केलेला माणूस पण काहीतरी ठोकून देईल. बरोबर आहे! तोच तर वाद आहे. आणि मुलाखती कितीही असल्या तरी माणसं निवडली कशी, त्यात स्वतःहून आलेले किती, तुरुंगातले किती, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि दरवर्षी मागच्या बाकावरचा कोणी ना कोणी पुस्तक न वाचताच घेतो. सॅम्पल मोठं असलं म्हणजे चांगलं असतंच असं नाही, हे एरवी डोक्यात शिरायला महिना लागतो.

दुसरा प्रयोग माझा फार आवडता, २००३ चा. कॉलेजच्या मुलामुलींना त्यांच्या लैंगिक आयुष्याबद्दल फॉर्म भरायला दिला. काहींना वाटत होतं आपली उत्तरं कोणीतरी बघू शकेल, काहींना नाव गुप्त राहील असं सांगितलं, आणि काहींना खोटं पकडायचं मशीन लावलं (मशीन चालू नव्हतंच, पण ते त्यांना कुठे माहीत). कोणी बघेल असं वाटत होतं तिथे मुलं आणि मुलींच्या उत्तरांत फरक सगळ्यात जास्त निघाला, आणि मशीन लावलं तिथे बराचसा फरक गळून पडला. म्हणजे 'पुरुष असे आणि बायका तशा' यातला काही भाग शरीराचा नसून फॉर्म भरताना कोण बघतंय याचा असतो. हे एकदा कळलेली मुलगी पुढे पेपरातला कुठलाही सर्व्हे आधी संशयाने वाचेल, तुमचा सुद्धा, राग मानू नका.

एव्हलिन हूकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचं नाव पण मी सोडत नाही. १९५७ चा त्यांचा शोधनिबंध, ३० समलैंगिक पुरुष आणि ३० भिन्नलैंगिक, वय, शिक्षण, बुद्ध्यांक जुळवून घेतलेले. सगळ्यांच्या मानसिक चाचण्या घेतल्या आणि नावं काढून त्या तज्ज्ञांच्या पुढ्यात ठेवल्या, ओळखा यातला कोण कुठला. तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. तोपर्यंत या माणसांना आजारी ठरवलं होतं ते कशावरून, तर जे उपचाराला किंवा तुरुंगात यायचे तेवढेच बघून. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. तारखा पाठ नाही झाल्या तरी चालतील, चूक कशी झाली ते कळायला पाहिजे.

मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधक जोडीने मांडलेले शरीराच्या लैंगिक प्रतिसादाचे चार टप्पे (१९६६) मात्र मी भराभर उरकते, कारण परीक्षेत तेवढंच विचारतात, 'टप्पे लिहा' म्हणून, आणि मुलं तेवढंच पाठ करतात. त्या मॉडेलमध्ये इच्छा नावाची गोष्टच नव्हती, ती हेलन सिंगर कॅप्लन या सेक्स थेरपिस्टने नंतर आणून बसवली, आणि इच्छा नेहमी आधीच येते असंही नाही हे त्याहून नंतर पुढे आलं, यावर कधी प्रश्न येत नाही. पेपर काढणाऱ्यांनी मनावर घ्यावं ही हात जोडून विनंती.

वर्गात मी एक खोका ठेवते. प्रत्येकाने चिठ्ठी टाकायची, प्रश्न नसेल तर कोरी टाकायची, म्हणजे कोणी लिहिली ते कळायला मार्ग नाही. कोणाला स्वतःचा अनुभव सांगायला लावत नाही, बसायचं नसेल त्या दिवशी त्याने बसू नये, हजेरी मिळते. बऱ्याच चिठ्ठ्या चेष्टेच्याच असतात, काही इतक्या वात्रट की मलाच हसू येतं. पण एका वर्षी चार घड्या घातलेली एक निघाली, बारीक अक्षरात: "नको होतं पण शरीराने साथ दिली, मग ते माझ्या मनाने झालं असं धरायचं का?" मी ती वाचून दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला एक तास जास्तीचा घेतला. शरीराचा प्रतिसाद आणि मनाची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींचा मेळ बसतोच असं नाही, २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तर स्त्रियांमध्ये हा मेळ पुरुषांपेक्षा बराच कमी दिसला, आणि म्हणून शरीराने प्रतिसाद दिला म्हणजे संमती दिली असं धरायचं नाही, कोणीच, कधीच. फळ्यावर काउन्सेलरची वेळ आणि खोली नंबर लिहिला आणि पुसला नाही. चिठ्ठी कोणाची होती मला माहीत नाही, मी शोधलंही नाही. डॉक्टर न होणाऱ्यांना याची काय गरज, असं त्या पालकांनी विचारलंय म्हणून हे लिहिलं.

शिकवल्याने मुलं बिघडतात ही भीती मी समजू शकते. शाळेतल्या लैंगिक शिक्षणावरचे अभ्यास तपासून युनेस्कोने २०१८ च्या मार्गदर्शिकेत म्हटलंय की त्याने लैंगिक संबंधांचं प्रमाण वाढत नाही. कॉलेजातली मुलं तर अजून मोठी, आणि मोबाईलवर त्यांनी काय काय बघितलंय ते चिठ्ठ्यांवरून मला चांगलंच कळतं. तिथे त्यांना कोणी सॅम्पल कुठून घेतलं ते सांगत नाही.

त्या पालकांचं एक मात्र पटलं, शिकवणारा कसाही शिकवून मोकळा झाला तर काय, असं त्यांनी विचारलंय. खरंय. आम्हाला हे कसं शिकवायचं ते कोणी शिकवलेलं नाही, मी चुकत चुकत शिकले आणि एकदा वर्गात एका मुलाला सगळ्यांसमोर नको तो प्रश्न विचारून बसले होते, त्याचा चेहरा अजून आठवतो.

तेव्हा मुलीकडून पुस्तक काढून घेऊ नका. घ्यायचंच असेल तर वाचायला घ्या, आणि जिथे अडेल तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून तिला परत द्या.

आपली,
पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकवणारी एक वाचक