गाठ दाखवा, पण चिरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, म्हणजे गुदाशयाच्या कॅन्सरवरचा लेख वाचला. सर्जन मंडळींचे फोटो झकास आले आहेत. पण बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांना सव्वा कॉलम आणि लीड्सचे पॅथॉलॉजिस्ट फिल क्वर्क यांची 'रिपोर्ट देणारे डॉक्टर' म्हणून अर्ध्या ओळीत बोळवण, हे पटले नाही.

भोवतालच्या चरबीच्या आवरणासकट गुदाशय अखंड काढण्याची पद्धत हील्ड यांनी रुजवली, मान्य. ते आवरण खरेच अखंड निघाले की नाही, हे ठरवायचे कोणी? क्वर्क आणि सहकाऱ्यांनी ५२ रुग्णांचे नमुने, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेले भाग, आडवे कापून पाहिले आणि १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आकडे मांडले. १४ जणांत कॅन्सर नमुन्याच्या बाजूच्या कापलेल्या कडेला भिडलेला होता. त्यातल्या १२ जणांना ओटीपोटात तो परत आला. तोवर लक्ष असायचे ते गाठीच्या खाली किती सेंटिमीटर निरोगी आतडे निघाले याकडे. पुढे गुदाशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या 'सीआर०७' या उपचार-चाचणीत त्यांनी नमुन्यांची प्रतवारी केली. आवरण शाबूत असेल तर तीन वर्षांत त्याच जागी आजार परतण्याचे प्रमाण ४ टक्के, सर्जनच्या चिरा आवरणात शिरल्या असतील तर ७, आणि थेट आतड्याच्या स्नायूपर्यंत गेल्या असतील तर १३. सर्जनच्या हाताचे मोजमाप पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर होते, ते असे.

आणि आपल्या लेखात काय, तर काढलेली गाठ तिथल्या तिथे उभी चिरून नातेवाइकांना दाखवतात, त्याने विश्वास वाढतो! विश्वास वाढत असेल, रिपोर्ट मात्र बिघडतो. ताजा नमुना गाठीवरून चिरला की कडा मुडपतात, चरबी आकसते, कड ओळखता यावी म्हणून लावलेली शाई चिरेतून आत उतरते. मग स्लाइडवर दिसणारी काळी रेघ खरी कड की चिरेची, हे सांगता येत नाही. कॅन्सर आणि कड यांत १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतर असेल तर कड बाधित धरतात. एवढ्या बारीक मापात चिरेची चूक खपत नाही.

नमुना द्यायचा तो अख्खा. आधी पुढून-मागून फोटो, मग जिथे पेरिटोनियमचे, म्हणजे पोटाच्या पोकळीचे, अस्तर नाही तेवढ्याच पृष्ठभागावर शाई. आतडे गाठीच्या वर आणि खाली उघडायचे, गाठीचा भाग बंद ठेवून आत फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) भिजवलेली गॉजची वात सरकवायची. फॉर्मॅलिन नमुन्याच्या दसपट हवे. बरणीत कोंबलेला नमुना मधे कुजतो. किमान ४८ तास मुरू द्यायचे आणि मग मुळ्याच्या चकत्यांसारखे ३ ते ५ मिलिमीटरचे आडवे काप. लिम्फ नोड, म्हणजे कॅन्सर जिथे पसरू शकतो त्या चरबीतल्या बारीक ग्रंथी, निदान १२ तरी शोधायचे; त्याला वेळ लागतो. 'रिपोर्ट उद्याच हवा' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब घालावा. नातेवाइकांना दाखवायचेच असेल तर न चिरलेला नमुना दाखवा, नाहीतर फोटो दाखवा.

जाता जाता, मथळ्यात 'गुदद्वाराचा कॅन्सर' छापले आहे. तो आजार निराळा. त्यात बहुतेकदा पहिला उपचार रेडिएशन आणि केमोथेरपी असतो, हे ऑपरेशन नव्हे. मथळा वाचून कोणी ऑपरेशनची तारीख मागायला जाण्याआधी ई-पेपरात तरी दुरुस्त करा.

– एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, मिरज