तक्रार : तुमचे हवामान एक्स्टेन्शन मला बिहारमध्ये ठेवते, आणि तेही हिंदीत

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

तुमच्या सपोर्टवाल्या मुलाने आत्ताच फोन ठेवला. पाठोपाठ ‘तुमचे तिकीट सोडवण्यात आले आहे’ असा ईमेलही आला. काहीही सुटलेले नाही, म्हणून आता थेट तुम्हाला लिहितो आहे.

आधी लोकेशन. माझे लॉन आणि मंगल कार्यालय छत्रपती संभाजीनगरला, बीड बायपासवर आहे. ब्राउझरमध्ये टाकलेल्या तुमच्या हवामान एक्स्टेन्शनच्या मते मी बिहारमधल्या औरंगाबादला असतो. मधे हजारएक किलोमीटरचे अंतर आहे. ऑटोवर ठेवले तर मुंबई दिसते. म्हणजे ब्राउझरची लोकेशन परमिशन तुम्ही घेता, ती बाजूला ठेवता आणि आयपी अ‍ॅड्रेसवरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, अंदाज बांधता. माझ्या इंटरनेटवाल्याचा आयपी मुंबईच्या नावावर आहे. मग परमिशन मागता कशाला?

शहर हाताने निवडावे, तर सर्चमध्ये नवे नाव नाहीच. ते २०२३ पासून अधिकृत आहे, रेल्वे स्टेशनच्या पाटीवरसुद्धा बदलले. नाइलाजाने जुने नाव टाकायचे, यादीतून महाराष्ट्रातले औरंगाबाद निवडायचे, सेव्ह करायचे. ब्राउझर बंद करून उघडला की स्वारी पुन्हा बिहारात. निवडलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश तुम्ही ठेवत नाही, नुसते नाव ठेवता, आणि दर वेळी ते नव्याने शोधून पहिले सापडेल ते उचलता, असा माझा तर्क आहे. लॉन चालवणाऱ्या माणसाला एवढे सुचते. तुमच्याकडे तर इंजिनिअर असतील.

भाषेचे त्याहून वाईट. माझा ब्राउझर मराठीत आहे. भाषांच्या यादीत मराठी पहिली, इंग्रजी दुसरी. हिंदी त्या यादीतच नाही. तरी तुमचे एक्स्टेन्शन हिंदीत उघडते. सेटिंग्जमध्ये मराठी निवडता येते, पण त्याने फक्त सेटिंग्जचे पान मराठी होते. हवामानाचे इशारे हिंदीतच राहतात, आणि काही ठिकाणी तर मजकुराऐवजी ‘अलर्ट_टायटल_३’ असे प्रोग्रॅमच्या पोटातले नाव झळकते. कुठलीतरी फाइल अर्धी भरून सोडून दिली आहे, हे उघड आहे. २०११च्या जनगणनेत आठ कोटींहून जास्त लोकांनी मातृभाषा मराठी नोंदवली होती. फाइल पूर्ण करायला तेवढे पुरत नसतील तर किती हवेत ते कळवा.

यात माझे नुकसान काय, असे तुमच्या मुलाने विचारले होते, म्हणून सांगतो. जानेवारीत बाहेर लख्ख ऊन आणि माझ्या स्क्रीनवर ‘दाट धुके’. ते एक वेळ हसण्यावारी नेले. पण गोरज मुहूर्ताचे एक लग्न ठरवायला मंडळी समोर बसलेली असताना मुलीच्या मामांनी स्क्रीनवर वाचले : सूर्यास्त ५:२५. गुरुजींनी काढलेला मुहूर्त सहाच्या पुढचा. झाले! मुहूर्त चुकला, गुरुजी बदला, इथपर्यंत गोष्ट गेली. बिहारचे औरंगाबाद आमच्या पूर्वेला नऊ अंश रेखांशावर आहे, अंशाला चार मिनिटे, शिवाय उत्तरेला हिवाळ्यात दिवस आणखी लहान. म्हणून तिथे सूर्य आमच्यापेक्षा पाऊण तास आधी मावळतो. हे सगळे मी मुलीच्या मामांना कागदावर काढून समजावले. वर्षाची प्रीमियम वर्गणी घेऊन तुम्ही मला भूगोलाचा मास्तर करून टाकलेत. (बिहारच्या औरंगाबादकरांशी माझे काही वैर नाही. त्यांना बिचाऱ्यांना आमचे ऊन दाखवत असाल तर त्यांचीही माफी मागा.)

आता आजचा फोन. मराठीसाठीचा आकडा दाबला, बोलणारा हिंदीतच बोलला. ते सोडा. ब्राउझरची कॅश साफ करा, एक्स्टेन्शन काढून पुन्हा टाका, हे आधी झालेले सगळे त्याने पुन्हा वाचून दाखवले. मग म्हणाला, “सर, तुमचे लोकेशन बिहार दिसते आहे.” मी म्हटले, तीच तर तक्रार आहे. “म्हणजे सर, आत्ता तुम्ही बिहारमध्ये नाही?” नाही. “खात्री आहे ना, सर?” मी खिडकीबाहेर पाहिले. बीड बायपास होता तिथेच होता. म्हटले, बाबा, खात्री आहे. त्याने होल्डवर ठेवले, बराच वेळ संगीत ऐकवले. परत आला तो सीनियरला विचारून : “सर, छत्रपती संभाजीनगर हे शहर आमच्या सिस्टीममध्ये उपलब्ध नाही. तुम्ही जवळचे मोठे शहर निवडा.”

कोणते?

“औरंगाबाद, सर.”

मी आवाज चढवला नाही, याची नोंद तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये असेल. शांतपणे भाषेचे विचारले. तर म्हणे, “हिंदी पण त्याच लिपीत असते ना सर, वाचता तर येत असेल.” येते वाचता. तमिळ ग्राहकाला तुम्ही हे ऐकवले नसते. आणि एवढ्यावर थांबेल तर तो सपोर्ट कसला! शेवटी त्याने माझ्याकडे पाच स्टारचे रेटिंग मागितले.

वाईट याचे वाटते की पूर्वी तुमचे काम चोख होते. टूलबारच्या कोपऱ्यात तापमानाचा एक आकडा, तो चिकलठाणा वेधशाळेच्या आकड्याच्या आसपास असायचा, बस्स. ओळखीच्या मंडपवाल्यांना, केटरर्सना मीच तुमचे एक्स्टेन्शन टाकायला लावले. नवे रूप आल्यापासून आकडा बिहारचा, भाषा हिंदी आणि ब्राउझर उघडला की पुन्हा तेच, हे आधीही लिहिले आहे, पण तुमच्याकडे एकदा सांगून भागत नाही असा अनुभव आहे.

मला निवडलेले ठिकाण टिकायला हवे आहे, सर्चमध्ये शहराचे आजचे नाव हवे आहे आणि मराठी निवडल्यावर मराठीच हवी आहे. जमत नसेल तर वर्गणी परत करा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. नाही झाले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर, आणि तिथून जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९च्या कायद्याने मला माझ्या राहत्या ठिकाणी दावा लावता येतो. सुनावणीला याल तेव्हा पत्ता तुमच्या एक्स्टेन्शनमध्ये शोधू नका, बिहारला उतराल.

वार्षिक प्रीमियम ग्राहक,
बीड बायपास, छत्रपती संभाजीनगर, महाराष्ट्र

सोबत : स्क्रीनशॉट आणि वर्गणीची पावती.
ता. क. : ‘लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा’ असे उत्तर पाठवू नये. ते करून झाले आहे.