तंबूत चूल हवी, तर आधी धुराड्याचं बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत कोयना धरणाकाठच्या बामणोलीकडच्या तंबूतल्या मुक्कामावर पानभर मजकूर आला. मजकूर चांगला होता. फोटोही चांगले, एक सोडून. त्या फोटोत दार लावलेल्या तंबूत, गादीपासून हातभर अंतरावर, लोखंडी घमेल्यात निखारे फुललेत आणि चार पोरं हात शेकत बसलीत. खाली ओळ होती, ‘उबदार गप्पा’. तो फोटो पाहून हे पत्र लिहायला बसलो.

मी फौजेत बावीस वर्षं लांगरी होतो. लांगरी म्हणजे स्वयंपाकी. आमच्या जिल्ह्यात फौजी घरटी सापडतील, पण त्यांतले बहुतेक बंदुकीच्या गोष्टी सांगतात. माझ्या गोष्टी डेगेच्या आणि बुखारीच्या. डेग म्हणजे मोठं पातेलं, बुखारी म्हणजे तंबू तापवायची पाइप लावलेली बंद चूल. कुपवाड्याच्या वरच्या अंगाला एका ठाण्यावर आम्ही पाचजण तंबूत होतो. लाकडाची बुखारी, तिच्यावरच बर्फ वितळवायचं, तिच्यावरच चहा. एका रात्री बुखारी मंद करून झोपलो. बाहेर बर्फ पडत राहिलं, पाइपाच्या टोपीवर साचलं आणि तोंड बुजलं. आत धूर भरला नाही, खोकला आला नाही, वास आला नाही. पहाऱ्याची पाळी बदलायला संत्री आला, हाका मारत राहिला, कोणी उठेना. त्यानं एकेकाला पायाला धरून बाहेर बर्फात ओढलं. एकजण ओकत होता, माझं डोकं दोन दिवस ठणकत होतं. पाचही वाचलो ते पाळी बदलायची वेळ होती म्हणून.

त्या वायूला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. लोकांची गल्लत होते ती निखाऱ्याबद्दल. लाकूड धुमसतं तेव्हा डोळे चुरचुरतात आणि माणूस स्वतःच बाहेर पळतो. निखारा लालबुंद झाला, धूर संपला, की वाटतं आता घमेलं आत घ्यायला हरकत नाही. तोच निखारा हा वायू सोडत असतो. ‘आमचा तंबू कॅनव्हासचा आहे, हवा खेळते’ असं मला एका तंबूवाल्यानं ऐकवलं. कोरडा असताना खेळते. पण धरणाकाठी डिसेंबरात पहाटे जे दव पडतं त्यानं सुती धागा फुगतो आणि विणीतली छिद्रं मिटतात. म्हणजे थंडी सर्वांत जास्त असते तेव्हाच तंबू सर्वांत जास्त बंद असतो.

आता कोणी म्हणेल, मग तंबूत विस्तवच नको. मी तसं म्हणत नाही. माझ्या पुतण्यानं शिवसागर जलाशयाच्या काठावर स्वतःच्या रानात चार तंबू लावलेत आणि दोन वर्षं मी त्याच्या चुलीच्या मागे आहे. पहिली चूल त्यानं मोबाइलवर बघून मागवली. घडी होणारी, चकचकीत, पत्रा वहीच्या पुठ्ठ्याएवढा पातळ. पाठीवर घेऊन हिंडणाऱ्याला ती ठीक. आमच्याकडे तिसऱ्या रात्री तिची कूस लाल झाली आणि वरचा पत्रा असा वाकला की चहाचं पातेलं एका कडेला सरकायला लागलं.

मग साताऱ्याला फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. पेटी अठरा इंच लांब, दहा रुंद, दहा उंच. पत्रा तीन मिलिमीटरचा, साधा काळा. पाय फूटभर उंच. पाइप चार इंची, आठ फूट. सगळं मिळून बावीस-तेवीस किलो भरलं, पण तंबू जागेवरच राहणार असेल तर वजनाला भ्यायचं कारण नाही. कारागीर भला माणूस, पण पाइपासाठी त्यानं सरळ जीआय पत्रा ओढला. गंजत नाही म्हणाला. ते खरं, पण त्यावर जस्ताचा मुलामा असतो. चुलीच्या तोंडाशी पाइप तापून लाल झाला तर जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत गेला की ताप भरतो. वेल्डिंगवाल्याला हे सांगावं लागत नाही, त्यानं तो ताप काढलेला असतो. आठवण करून दिल्यावर हसला आणि काळा पत्रा घेतला.

पाइपाच्या जोडावरही आमचं वाजलं. पावसाचं पाणी आत शिरू नये, म्हणून त्यानं खालचा तुकडा वरच्यात घातला. चुलीच्या पाइपात उलट लागतं: वरच्या तुकड्याचं तोंड खालच्याच्या आत. कारण ओल्या लाकडाच्या धुरातून डांबरासारखा काळा चिकटा सुटतो, तो आतून ओघळत खाली येतो. जोड उलटा असला तर तो बाहेर, तुमच्या अंथरुणावर. हाच चिकटा वाळून पाइपात साठला की एखाद्या दिवशी पेट घेतो. आम्ही महिन्यातून एकदा पाइप उतरवून, गोणपाटाचा बोळा काठीला बांधून साफ करतो.

पाइपाचं वरचं टोक तंबूच्या कण्याच्या वर गेलं पाहिजे, नाहीतर वारा फिरला की धूर परत आत. टोपीखाली ठिणगीसाठी जाळी, आणि ती जाळी काजळीनं बुजली नाही ना हे दर दोन दिवसांनी बघायचं. माझ्या गोष्टीतलं बर्फ इथे काजळीच्या रूपानं येतं. छपरातून पाइप जातो तिथं कॅनव्हासला वीतभर भोक आणि त्यावर काचधाग्याचं सिलिकॉन लावलेलं कापड. नायलॉन-पॉलिएस्टरच्या तंबूत हा खटाटोप करूच नये. तिथं एक ठिणगी पडली की कापड वितळून अंगावर येतं. चूल कनातीपासून निदान अडीच फूट लांब, खाली विटा, आणि पेटीच्या तळाला इंचभर वाळू, म्हणजे तळ वाकत नाही. पहिला जाळ बाहेर अंगणात करा, तेल-रंग जळून जाऊ द्या. दाराची खालची पट्टी चार बोटं उघडी ठेवायची, कारण पाइपानं हवा बाहेर ओढायची तर ती कुठून तरी आत यायला हवी. वायूचा अलार्म मिळतो, तो प्रत्येक तंबूत झोपणाऱ्याच्या उशाशी टांगा. आणि रात्री झोपताना चूल मंद करून, झडप लावून निखारे राखायचा मोह टाळा. पाइप गार होतो, ओढ मरते आणि निखारा तसाच राहतो. विझू द्यावी. पहाटे थंडी वाजली तर घोंगडं आहे.

लाकडाचं म्हणाल, तर आमच्या जावळीचं लाकूड पावसानं भिजलेलं, सहा महिने आडोशाला रचून ठेवलं तरच कामाचं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. टणटण वाजल्या तर वाळल्या, भद्द वाजल्या तर ठेवून द्या. माण-खटावकडची बाभळ मिळाली तर सोनं. चिपाडं, तुरकाट्या पेटवण्यापुरत्या. आणि जंगलातून लाकूडफाटा आणायचा नाही. पलीकडे व्याघ्र प्रकल्प आहे, पाहुण्यांच्या उबेसाठी त्यात कोयता नेणं मला बरं वाटत नाही.

पुतण्यानं एकदा मला मोबाइलवर अमेरिकी फौजेची जुनी चूल दाखवली. सिब्ली नावाच्या अधिकाऱ्यानं १८५६ साली गोल तंबूचं पेटंट घेतलं, त्यात ही चूल लावत. पत्र्याचा शंकू, खाली तळच नाही, थेट मातीवर ठेवायचा. वर निमुळता होत पाइपात मिसळलेला. म्हणजे अख्खी चूलच धुराड्याचा खालचा भाग. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ती वापरात होती. उबेला याहून साधं काही नसेल. पण लांगरी म्हणून मी विचारलं, यावर डेग कुठे ठेवायची? तो हसला.

तिथंच आमचंही घोडं अडलंय. पेटीच्या सपाट माथ्यावर भात होतो, पिठलं होतं, कालवण तर सुरेख होतं, कारण पाइपाजवळ जाळ जास्त आणि दाराकडे कमी, पातेलं सरकवलं की झालं. पण भाकरी! साध्या चुलीत तव्यावर दोन्ही बाजू झाल्या की भाकरी विस्तवासमोर उभी करतात आणि ती टम्म फुगते. बंद पेटीत विस्तवासमोर उभी करायची कुठे? दार उघडून धरली तर धूर बाहेर. सूनबाई नाचणीची भाकरी करते, ती तव्यावरच कापडानं दाबून कशीबशी फुगवते, पण पापुद्रा सुटत नाही आणि पाहुणे कौतुक करतात म्हणून ती अजूनच चिडते. माथ्याला गोल भोक पाडून त्यावर झाकणासारखी उचलून काढता येणारी कडी बसवावी, म्हणजे भाकरी विस्तवावर धरता येईल, असा विचार आहे. भीती ही, की कडी उचलली आणि पाइपाची ओढ कमी पडली तर धूर वर.

आपल्या वाचकांत कोणी अशी कडी करून वापरली असेल तर भोकाचं माप किती इंच ठेवलं ते याच सदरातून कळवावं. आणि तो फोटो पुढच्या हिवाळ्यात पुन्हा छापू नये, ही विनंती.

आपला,
एक माजी सैनिक
मु. पो. मेढा, ता. जावळी, जि. सातारा